मीटरची पावलं

बंदूकमिस्त्रीच्या दुकानात बसायला एकच स्टूल होतं आणि त्यावर मिस्त्री स्वतः बसलेला होता. म्हणून सासरे उभे राहिले, आणि सासरे उभे म्हणून सूनही उभीच राहिली. समोरच्या फळीवर जुनी चादर अंथरून मिस्त्रीने दोन ठासणीच्या बंदुका आडव्या ठेवल्या. एक लांब आणि जड, जमिनीवर उभी केली तर सुनेच्या हनुवटीला लागेल अशी. दुसरी तिच्यापेक्षा वीतभर आखूड, जाड नळीची, दिसायला अगदी साधी.

"दोन्हींच्या नळीत आतून आटे आहेत," मिस्त्री म्हणाला. "तुमच्या जुनीत नाहीत. तुमची जुनी म्हणजे नुसता पाईप. गोळी आत आपटत आपटत बाहेर पडते आणि मग वाटेल तिकडे जाते."

"त्या पाईपने तीस वर्षं रान राखलंय," सासरे म्हणाले.

"राखलं असेल. साठ पावलांच्या आत. आता तुम्हाला पाहिजे दीडशे मीटर."

दीडशेचा आकडा सासऱ्यांचा नव्हता, नदीचा होता. नदीच्या मधल्या बेटावर, लव्हाळ्यात, रानडुकरांनी बस्तान मांडलं होतं. दिवस मावळला की ती पोहून अलीकडे यायची, दाणे भरत आलेला मका आडवा करायची आणि सकाळी बेटाच्या वाळूवर उन्हाला पडायची, पाळी संपवून आलेल्या कामगारांसारखी. अंधारात रानात बार टाकायला वनखात्याच्या कचेरीची मनाई होती. दिवसा ती वाळूवर दिसायची, पण मधला चिखल असा की माणूस मांडीपर्यंत आत जाईल. मारायचं तर अलीकडच्या काठावरूनच. काठापासून वाळूपर्यंत कचेरीच्या नकाशावर दीडशे मीटर होते.

रानराखणीचं काम तीस वर्षं या एका घराकडे होतं. यंदा गावसमितीच्या अध्यक्षांनी एक कंत्राटदार आणला. कंत्राटदाराचं काम सोपं होतं: तो रानाभोवती विजेची उघडी तार ओढायचा. खालच्या गावात त्याने ती ओढली, तेव्हा दोन डुकरं मेली, तीन वासरं मेली आणि वासरू सोडवायला गेलेला एक माणूस मेला. तो सुनेच्या माहेरच्या शेजारचा होता. लहानपणी त्याने तिला सायकल शिकवली होती. गावात दोन तट पडल्यावर कचेरीतल्या मॅडमनी तोडगा काढला. येत्या सोमवारी त्या येतील. दीडशे मीटरवर दीड वीत रुंदीची पाटी, बार पाच. तीन पाटीत लागले तर परवाना आणि काम याच घरात. नाही लागले तर तार.

"मारणार कोण?" मिस्त्रीने विचारलं. तो सासऱ्यांकडेच बघत होता.

"माझ्या उजव्या डोळ्यात जाळं आलंय," सासरे म्हणाले. "मारणार ही."

मिस्त्रीने सुनेकडे पाहिलं. मग तिच्या खांद्याकडे, मग तिच्या हातांकडे, जसं गिऱ्हाईक बैल बघतं तसं.

"याआधी मारली आहे का?"

"चार हंगाम झाले," ती म्हणाली.

"कशाला?"

"डुकराला. तुम्हाला काय वाटलं?"

मिस्त्री हसला आणि स्टूल सोडून उठला. त्याने दोन्ही बंदुका तिच्या खांद्याला लावून पाहिल्या, गाल लाकडावर बरोबर टेकतो का ते वाकून बघितलं. मग सांगायला लागला. लांब बंदुकीला तो लांबी म्हणत होता, दुसरीला आखूडी. लांबीचे आटे संथ, नळीच्या सबंध लांबीत गोळीला पुरता एक वेढाही मिळत नाही. ती घेते गोल गोळी, तुपट फडक्यात गुंडाळून ठासायची. आखूडीचे आटे घट्ट. ती घेते लांबट गोळी, पेन्सिलीच्या टोकासारखी, आणि तिला फडकं लागत नाही.

"शंभरच्या आत दोन्ही सारख्याच," मिस्त्री म्हणाला. "किंबहुना लांबी जरा सरस. शंभरच्या पुढे गोल गोळी थकते. वारा तिला ढकलतो. लांबट गोळी थकत नाही. माझं ऐकाल तर आखूडी घ्या."

"फडक्याशिवाय ठासायची म्हणजे काय?" सासरे म्हणाले. "ते काय ठासणं झालं?"

"मग दोन्ही घेऊन जा. सोमवारपर्यंत मारून बघा, एक ठेवा, एक आणून द्या. मी कचेरीत कळवतो. एकच अट. कुठेही कानस लावायची नाही. जिची माशी घासली ती तुमची."

माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा दाणा. तो घासून बुटका केला की गोळी वर लागते. घासलेला पुन्हा वाढत नाही.

*

गावात सासऱ्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. सगळे त्यांना मीटर म्हणत. तरुणपणी ते दोन वर्षं जमीन मोजणाऱ्यांच्या हाताखाली साखळी ओढायला होते. साखळीबरोबर चालून चालून त्यांचं पाऊल असं बसलं की एक पाऊल म्हणजे एक मीटर. एकदा कोणीतरी पैज लावून टेप धरली होती. शंभर पावलांत चार बोटांचा फरक निघाला आणि तोही टेप ढिली होती म्हणून. तेव्हापासून गावात काहीही मोजायचं झालं की माणसं टेप शोधत नसत, मीटरला शोधत. शाळेच्या भिंतीचा पाया, दोन भावांमधला बांध, विहिरीपासून घरापर्यंतचा पाईप. ते यायचे, चपला काढून ठेवायचे आणि मोठ्याने मोजत चालायचे. त्यांचा आकडा कधी कोणी दुसऱ्यांदा मोजला नाही.

सहा वर्षांपूर्वी ट्रॉलीचं चाक त्यांच्या उजव्या पायावरून गेलं. हाड जुळलं, पाय राहिला. काठी त्यांनी आठ दिवस वापरली आणि मग चुलीत घातली.

बुधवारी सकाळी त्यांनी पंपाजवळच्या वाळक्या झाडापाशी चपला काढल्या आणि नदीच्या दरडीकडे चालायला लागले. डावा पाय लांब पडत होता, उजवा त्याच्यामागून ओढत येत होता. "एकशे अठ्ठेचाळीस, एकशे एकोणपन्नास, दीडशे." दरडीला पाठ लावून, भाजीच्या वाफ्यांपलीकडे, त्यांनी पाटी रोवली. गोळी चुकली तरी मागे मातीच होती.

लांबी त्यांनी स्वतः भरून दिली. शिंगाच्या मापाने दारू ओतली. सासूच्या जुन्या लुगड्याचं फडकं तुपटून नळीच्या तोंडावर पसरलं, वर गोळी ठेवली, अंगठ्याने दाबली, मग गज धरून एका दमात खाली नेली. त्यांचे हात एरवी थरथरत. ठासताना थरथरत नव्हते.

सुनेने पाच बार काढले. प्रत्येक बारानंतर नळी पुसली, कारण काजळी साठली की पुढची गोळी अडते. मग आखूडीचे पाच. सासरे पाटीपर्यंत गेले आणि ती उचलूनच घेऊन आले.

"बघ," ते म्हणाले. लांबीची पाचही भोकं चहाच्या बशीखाली झाकली गेली असती. आखूडीची पाच जेवणाच्या ताटाखाली. "मिस्त्रीला दुकानात बसून काय कळतं? दीडशेवर बशी."

"लांबी खाली मारतेय पण," ती म्हणाली. "तीन बोटं."

"उद्या माशी घासतो. झालं काम." ते मनापासून खूश होते. "दस्ता बघ हिचा. याला लाकूड म्हणतात."

सुनेलाही लांबीच आवडली होती. तिचा धक्का खांद्यात घुसत नव्हता, नुसता ढकलून जायचा.

*

गुरुवारी तिच्या नवऱ्याने पाईप आणला. तो दुधाची गाडी चालवायचा, सकाळची फेरी टाकून दहाला घरी यायचा. पंपापासून भाजीच्या वाफ्यांपर्यंत पाईप टाकायचं वर्षभर चाललं होतं. बापाने पावलांनी मोजून दीडशे सांगितले होते, म्हणून त्याने शंभर मीटरच्या दोन गुंडाळ्या आणल्या.

दोघांनी पहिली गुंडाळी वाळक्या झाडापासून सोडायला घेतली. काळा पाईप, त्यावर दर मीटरला पांढरी खूण. नवरा गुंडाळी घरंगळत पुढे, सून मागून पाईप सरळ करत. गुंडाळी संपली तेव्हा ती वाकून होती. सरळ झाली आणि समोर बघितलं तर पाटी रोवलेलं भोक आठ-दहा पावलांवर होतं.

"पुरला की," नवरा म्हणाला. "वाफे तर आलेच."

"कसा पुरला? मामांनी दीडशे सांगितलं होतं."

"दुकानदाराने जास्त दिला असेल."

"दुकानदार पन्नास मीटर जास्त देईल? तो सुटी काडेपेटी देत नाही."

"मग कंपनीचं मीटर मोठं असेल." नवऱ्याने दुसरी गुंडाळी उचलून गाडीत टाकली. "ही परत देतो."

"राहू द्या," ती म्हणाली. "दोन दिवस राहू द्या. बूच न काढता ठेवा."

तो गेल्यावर ती पाईपाशेजारून परत चालत आली, खुणा मोजत. शंभर. बरोबर शंभर खुणा होत्या. एका खुणेपासून दुसरीपर्यंत तिने हात लावून पाहिला, बोटांच्या टोकापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत. मीटरच होतं. कंपनीचं मीटर दुकानातल्या मीटरएवढंच होतं.

मग तिने डोळ्यांसमोर सासऱ्यांना चालवून पाहिलं. ते लंगडतात हे गावात सगळ्यांना दिसत होतं. त्यांचं पाऊल मीटरचं आहे हे गावात सगळ्यांना माहीत होतं. या दोन गोष्टी सहा वर्षांत कोणी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. तिनेही नाही.

पंपाच्या धोंडीवर सासू कपडे घासत होती. शेजारी सासरे मांडीवर लांबी आडवी घेऊन बसले होते. त्यांनी कानस फडक्याने पुसली आणि माशीवर टेकवली.

सुनेने माशीवर हात ठेवला. सासऱ्यांच्या कामात असा हात तिने अकरा वर्षांत घातला नव्हता.

"आज घासू नका, मामा."

"का?"

"तो पाईप एकदा पावलांनी मोजून द्या ना. ह्यांना वाटतंय दुकानदाराने जास्त दिलाय."

मोजायचं म्हटल्यावर ते उठलेच. चपला काढल्या. पाईपाच्या टोकापासून मोठ्याने मोजत निघाले, मान वर, नजर समोर, खाली एकदाही न बघता. शेवटाला पोचल्यावर तिथूनच ओरडले, "एकशे एकोणचाळीस. भला माणूस आहे. वर एकोणचाळीस फुकट."

सून त्यांच्याजवळ गेली. जे बोलायचं ते येताना तिने तीनदा जुळवलं होतं, पण आता त्यातलं काही आठवलं नाही.

"पाईपवर खुणा आहेत, मामा. एक खूण, एक मीटर. एका खुणेवर उभं राहून पुढचं पाऊल टाकून बघा."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. खुणेवर उभे राहिले आणि डावं पाऊल टाकलं. टाच थेट पुढच्या खुणेला लागली.

"बघ," ते म्हणाले. "मीटर."

"आता उजवं."

उजवं निघालं, जरा घासत आलं आणि दोन खुणांच्या मधोमध उभं राहिलं.

ते तसेच उभे राहिले, एक पाय खुणेवर, एक अधांतरी असल्यासारखा. मग त्यांनी पुन्हा डावं टाकलं, पुन्हा उजवं. पाईपाच्या कडेने, आता खाली बघत, न मोजता ते झाडापर्यंत गेले. उजवं एकदाही खुणेला पोचलं नाही. त्यांनी ते जोर लावून पुढे फेकून पाहिलं, तेव्हा कमरेत कळ आली आणि पंपाला धरावं लागलं.

सासूने कपडा पिळला.

"सहा वर्षं मी घरात ऐकतेय," ती म्हणाली. "एक पाय ठक, एक पाय सर्र. ठक, सर्र. मला कोणी विचारलंच नाही."

"तू सांगायचं," सासरे म्हणाले.

"मला वाटलं तुमचं तुम्हाला माहीत असेल. पाय तुमचे."

त्यांनी कानस फडक्यात गुंडाळली आणि खिशात ठेवली. दुपारी ते अर्धंच जेवले. संध्याकाळी दोनदा उठून अंगणात गेले आणि दोन्ही वेळा दाराशीच थांबून परत आले. सून भांडी विसळत होती. तिला वाटलं, आपण हात ठेवला नसता तर माशी घासून झाली असती, आणि सोमवारी काय व्हायचं ते झालं असतं; आज मात्र घरात कोणी असं बसलं नसतं. मग तिला सायकल शिकवणारा आठवला आणि तिने भांडी पालथी घातली.

*

शुक्रवारी सकाळी ती उठली तेव्हा सासरे आधीच रानात होते. पहिल्या गुंडाळीच्या टोकाला त्यांनी दुसरी जोडून अर्धीच उलगडली होती, खुणा दोनदा मोजल्या होत्या. वाफ्यांपलीकडे दरड आडवी येत होती, म्हणून सबंध पाईप वळवून त्यांनी नदीकाठाने टाकला होता. पाटी बाजूच्या दरडीशी, इतकी लांब की एखाद्याने काठावर पोस्टाचं तिकीट चिकटवलं आहे असं वाटावं.

"हे दीडशे," ते म्हणाले. "तिथे होते ते एकशे आठ."



नदीवरून थोडा वारा होता, लव्हाळी एका बाजूला कललेली. लांबीचे पाच बार झाले. दोन गोळ्या पाटीला लागल्या, एक डावीकडे मातीत गेली आणि दोन पाटीपर्यंत पोचायच्या आत खाली धूळ उडवून गेल्या. सुनेने नेम वर धरून आणखी तीन मारल्या. एक लागली.

"माझा हात हलला असेल," ती म्हणाली.

"हात नाही हलला. मी मागे उभा होतो."

मग आखूडी. तिच्या नळीवर मागे नेमाची खाच होती, त्या खाचेला एक पातं होतं, वर सरकवता येणारं, त्यामुळे कानशीचं कामच नव्हतं. पहिली खाली गेली. पातं एक घर वर. दुसरी लागली. तिसरी, चौथी, पाचवी. वारा तोच होता. धक्का मात्र खांद्यात शिरत होता आणि पाचव्या बारानंतर तिने हात झटकला.

सासऱ्यांनी पाटी आणून गुडघ्यावर ठेवली. भोकांवरून बोट फिरवलं. ताट पुरेल एवढ्यातच होती सगळी. बुधवारी एकशे आठवर जेवढ्या जागेत होती, दीडशेवर त्याहून थोडीच जास्त.

"मिस्त्री म्हणाला होता ते खरं," ते म्हणाले.

"हो."

"हीच ठेवायची." त्यांनी आखूडी उचलली, दस्त्यावरून हात फिरवला आणि त्यात बघण्यासारखं काही नाही हे पुन्हा एकदा बघितलं. "हिच्यात माझं काही काम नाही. फडकं नाही, काही नाही. गोळी टाकायची आणि ढकलायची. कोणीही ठासेल."

सून थोडा वेळ नळी पुसत राहिली.

"गोळ्या ओतायच्या आहेत," ती म्हणाली. "मिस्त्रीने दिलेल्या आठच उरल्यात. लांबट गोळीत आत बुडबुडा राहिला तर ती वाकडी जाते म्हणे. वजनाने ओळखावं लागतं. मला ते जमायचं नाही."

त्यांनी तिच्याकडे तिरक्या नजरेने पाहिलं. तिला काय जमतं आणि काय नाही हे त्यांना माहीत होतं. पण दुपारी त्यांनी शिसं वितळवायला ठेवलं. शनिवारभर ओसरीवर बसून त्यांनी सत्तर गोळ्या ओतल्या, वाण्याकडून आणलेल्या तराजूत प्रत्येक दुसरीशी ताडून पाहिली आणि बावीस निवडल्या. बाकीच्या पुन्हा वितळवल्या. लांबी चादरीत गुंडाळून त्यांनी मुलाच्या गाडीतून मिस्त्रीकडे परत पाठवली. गाडी वळेपर्यंत दारात उभे होते.

*

सोमवारी नदीकाठी निम्मं गाव जमलं. मॅडम आल्या, त्यांच्याबरोबर कागदांची पिशवी धरलेला शिपाई. अध्यक्ष पांढऱ्या कपड्यांत, त्यांच्यामागे कंत्राटदार, आणि गावातले पंप दुरुस्त करणारा पंपवाला, ज्याला चार वर्षांपूर्वी गायरानाच्या कडेला सासऱ्यांच्या ऐंशी पावलांचं रान मोजून मिळालं होतं. मॅडमनी पिशवीतून टेप काढली. तीस मीटरची होती. पाच वेळा लावावी लागणार होती, आणि काठावर काटे होते.

"टेप कशाला उलगडता, मॅडम?" अध्यक्ष म्हणाले. "आमच्याकडे चालता-बोलता मीटर आहे. गावातल्या सगळ्या जमिनी त्यांच्या पायांनी मोजल्यात. चला हो मीटर, काढा चपला."

माणसं हसली. त्या हसण्यात आपलेपणाच होता. मॅडमही हसल्या आणि टेप परत पिशवीत घालायला लागल्या.

सुनेच्या हातात आखूडी होती. तिला काय ते लगेच दिसलं. सासरे चालले तर पाटी एकशे आठवर लागेल. एकशे आठवर पाचपैकी पाच ती डोळे झाकून मारील. कोणी दुसऱ्यांदा मोजणार नाही, आजवर मोजलं नव्हतं. अध्यक्षांनी स्वतःच्या तोंडाने काम या घराला देऊन टाकलं होतं. तिने सासऱ्यांकडे पाहिलं नाही. बघितलं असतं तर ते काहीतरी सांगितल्यासारखं झालं असतं.

सासरे चपलांत उभे होते. त्यांनी त्या काढल्या नाहीत.

"टेप लावा," ते म्हणाले.

"का हो? पाय दुखतोय का?"

"दुखत नाही. आखूड झालाय." त्यांचा आवाज मोजताना असायचा तसाच होता, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "ट्रॉली गेली तेव्हापासून. माझे दीडशे म्हणजे एकशे आठ भरतात. मला गुरुवारी कळलं."

अध्यक्षांनी कंत्राटदाराकडे पाहिलं. कंत्राटदार नखं बघत होता.

"म्हणजे माझं रान?" पंपवाला म्हणाला. "ऐंशी?"

"ऐंशी नाही. साठच्याही आतच असेल."

"मला वाटायचंच, दरवर्षी बी उरतं कसं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्हाला कोण बोलणार?"

"टेप लावून पुन्हा मोजू. कमी पडलंय ते गायरानातून काढून देऊ. सहा वर्षांत ज्याचं ज्याचं मी मोजलंय त्याने सांगावं." सासऱ्यांनी शिपायाच्या हातातून टेपचं टोक घेतलं. "आधी हे होऊ दे."

टेपचं टोक धरून तेच पुढे गेले. काट्यांतून, पाच वेळा, प्रत्येक वेळी वाकून खुंटी ठोकत. पाटी रोवली आणि बाजूला दरडीवर जाऊन बसले.

सुनेने पालथं पडून कोपर पोत्यावर टेकवलं. पातं शुक्रवारच्याच घरावर लावलं, बोट चाटून वारा पाहिला. पहिला बार. धूर बाजूला सरला आणि शिपायाने दुर्बिणीतून बघून हात वर केला. तिने नळी पुसली, दारू ओतली, गोळी टाकली, गज एका दमात खाली नेला, दारू पेटवणारी टोपी बसवली. दुसरा बार. हात वर. तिसऱ्याला लव्हाळी अचानक आडवी झाली आणि ती थांबायला हवी होती, पण चाप दाबला गेला होता. हात खालीच राहिला.

"दोन," अध्यक्ष म्हणाले. कोणी विचारलं नव्हतं.

चौथ्या वेळी तिने बंदूक खांद्यावरून काढली आणि वारा बसेपर्यंत नुसती पडून राहिली. खांदा ठणकत होता. पोटाखाली एक खडा होता, तोही तिने काढला नाही. लव्हाळी उभी राहिली. बार झाला.

हात वर गेला.

"झाले तीन," मॅडम म्हणाल्या. "पुरे."

"पाच ठरलेत," सून म्हणाली आणि नळी पुसायला घेतली. पाचवीही लागली, कडेला, पण लागली.

मॅडमनी कागद बाहेर काढले. कंत्राटदार गाडीकडे निघाला, अध्यक्ष त्याच्याशी चार शब्द बोलून परत आले आणि पंपवाल्याच्या रानाची चौकशी करायला लागले, जणू आले होते ते त्याचसाठी. सासूने थर्मासमधून मॅडमना चहा दिला.

तिकडे दरडीवरून सासरे उठले होते. त्यांनी पाटी उपटून बगलेत मारली आणि परत यायला निघाले, काट्यांतून, डावा लांब, उजवा मागून. सून काजळी भरलेलं फडकं गजावर फिरवत उभी होती. ओठ न हलवता ती मोजत होती.

ते जवळ आले. पाटी तिच्या हातात दिली. चारही भोकांत तिने बोट घालून पाहिलं.

"किती झाली?" सासऱ्यांनी विचारलं.

"चार."

"ती नाही. पावलं."

"दोनशे आठ," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. मनात एकदा भागून पाहिलं असावं.

"दोनशे आठ म्हणजे दीडशे," ते म्हणाले. "लक्षात ठेव. उद्या पंपवाल्याचं रान आहे."